चक कूपरचे सहा सीझन

समजा, तुमच्या मोबाईलवर एका जुन्या बास्केटबॉल खेळाडूचं स्टॅट्सचं पान उघडलंय. पहिल्या सीझनमध्ये मॅचमागे ९.३ पॉइंट. दुसऱ्यात आठच्या थोडं वर. तिसऱ्यात साडेसहाच्या आसपास. चौथ्यात जेमतेम तीन. पाचव्या वर्षी टीम बदलली, आकडा परत आठवर. सहाव्या वर्षी पुन्हा खाली, आणि मग पान संपलं. एकूण ४०९ मॅच, सरासरी ६.७ पॉइंट.

तुम्ही काय कराल? बहुतेक पुढे सरकाल. बेंचवरचा एक प्लेअर, आला आणि गेला. असे एनबीएत शेकड्यांनी होऊन गेलेत.

पण या पानावर थोडं थांबा. हे पान चक कूपरचं आहे. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आणि पहिल्या चार सीझनमधली ती उतरण समजून घ्यायची असेल, तर पॉइंट कोणी केले यापेक्षा कोणाला करू दिले हे आधी बघावं लागतं.

चार्ल्स हेन्री कूपरचा जन्म २९ सप्टेंबर १९२६ चा, पिट्सबर्गचा. स्टीलच्या कारखान्यांचं शहर. वडील टपाल वाटायचे, आई शाळेत शिकवायची. घरात श्रीमंती नव्हती, पण शिक्षणाचं महत्त्व होतं. शाळेच्या टीममध्ये चमकला, थोडे दिवस वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात गेला, मग महायुद्धाच्या अखेरीस नौदलात. तिथून सुटून १९४६ मध्ये घरी आला आणि गावातल्याच ड्यूकेन विद्यापीठात नाव घातलं. वय वीस, उंची सहा फूट पाच इंच. आज एनबीएत या उंचीचे गार्ड असतात. तेव्हा या उंचीचा माणूस बास्केटखाली उभा राहायचा.

आता तुमच्या वयाच्या या मुलाची पहिल्याच वर्षाची एक गोष्ट. २३ डिसेंबर १९४६. पिट्सबर्गजवळच्या मॅककीस्पोर्ट गावात ड्यूकेनची मॅच होती टेनेसी विद्यापीठाशी. टेनेसी हे दक्षिणेतलं राज्य. प्रेक्षक येऊन बसलेले. आणि टेनेसीच्या कोचने सांगितलं की समोरच्या टीममधला तो काळा मुलगा खेळणार असेल तर आम्ही कोर्टवर उतरणार नाही. ड्यूकेनच्या कोचने मधला मार्ग सुचवला: कूपरला बेंचवर बसवतो, अगदीच गरज पडली तर उतरवतो. टेनेसीला तेही चालेना. त्यांना तो उतरणारच नाही अशी हमी हवी होती. ड्यूकेनने ती दिली नाही, आणि मॅच झालीच नाही. लोक उठून घरी गेले.

यात ड्यूकेनचं कौतुक सगळे करतात, आणि करायलाच हवं. पण मला राहून राहून त्या मधल्या मार्गाचं नवल वाटतं. चांगली माणसं, त्याच्या बाजूची माणसं, त्यांनाही सुचलेला पहिला तोडगा काय, तर याला बेंचवर बसवू. ज्याच्यामुळे भांडण लागलं नाही, त्यानेच बाजूला सरकायचं. कूपरच्या पुढच्या दहा वर्षांत हा तोडगा वेगवेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा येतो.

ड्यूकेनमध्ये तो चार वर्षं खेळला आणि शेवटच्या वर्षी ऑल अमेरिकन म्हणून निवडला गेला. पण ऑल अमेरिकन होऊन पुढे काय? १९४९-५० पर्यंत एनबीएत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लिखित नियम कुठेच नव्हता, पण कोणी घ्यायचंही नाही. त्यांच्यासाठी दुकान एकच: हार्लेम ग्लोबट्रॉटर्स. बोटावर बॉल फिरवणारी, प्रेक्षकांना हसवणारी ती टीम तुम्ही यूट्यूबवर पाहिली असेल. हसवतात म्हणून त्यांना कमी लेखू नका. खेळ अस्सल होता. पण मालक एब सॅपरस्टीन याचं गणित पक्कं होतं: देशातले उत्तम कृष्णवर्णीय खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नाहीत, म्हणजे ते माझेच. आणि एनबीएचे मालक त्याला दुखवायला घाबरायचे. कारण ग्लोबट्रॉटर्सची मॅच आधी ठेवली की स्टेडियम भरायचं. नुसत्या एनबीएच्या मॅचला तेव्हा खुर्च्या रिकाम्या असायच्या. म्हणजे भेदभावाच्या भिंतीला एका बाजूने वंशद्वेष टेकू देत होता आणि दुसऱ्या बाजूने तिकीट खिडकी. कूपरही कॉलेज संपल्यावर थोडे दिवस ग्लोबट्रॉटर्सबरोबर फिरला.

२५ एप्रिल १९५०, शिकागो. ड्राफ्टसाठी मालक जमले होते. बोस्टन सेल्टिक्सची अवस्था वाईट होती. सरलेल्या सीझनमध्ये ६८ मॅचपैकी फक्त २२ जिंकलेल्या. पहिल्या फेरीत त्यांनी चार्ली शेअर नावाचा उंच सेंटर घेतला. दुसऱ्या फेरीत मालक वॉल्टर ब्राउन याने ड्यूकेनच्या चक कूपरचं नाव घेतलं. खोलीत क्षणभर शांतता. मुलगा काळा आहे हे ठाऊक आहे ना, असं कोणीतरी विचारलं. ब्राउनने थोडं उर्मटपणेच सांगितलं की त्याचा रंग कोणता याच्याशी मला काही देणंघेणं नाही, त्याला खेळता येतं. सॅपरस्टीन भडकला, बोस्टन गार्डनवर पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाला. ब्राउन बधला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पुढे नवव्या फेरीत वॉशिंग्टनने अर्ल लॉइडला घेतलं, आणि न्यूयॉर्कने ग्लोबट्रॉटर्सकडूनच नॅट क्लिफ्टनला उचललं. एकाने दार ढकलल्यावर ते बंद नव्हतंच असं सगळ्यांच्या लक्षात आलं.

इथे एक गल्लत नेहमी होते, तेवढी टाळा. ड्राफ्टमध्ये पहिला कूपर. एनबीएच्या करारावर सही करण्यात क्लिफ्टन पुढे होता. आणि प्रत्यक्ष मॅच खेळण्यात पहिला लॉइड, कारण वॉशिंग्टनचं वेळापत्रक ३१ ऑक्टोबरला सुरू होत होतं. कूपरची पहिली मॅच १ नोव्हेंबर १९५० ला, फोर्ट वेनमध्ये. एका दिवसाने चुकला. बोस्टन ती मॅच हरलंही.

आता सीझन घेऊ एकेक.

पहिला सीझन, १९५०-५१. मॅच ६६, पॉइंट ९.३, रिबाऊंड ८.५. हा रिबाऊंडचा आकडा नीट पाहा. लीगने रिबाऊंड मोजायला सुरुवात केली तीच मुळी या वर्षी. म्हणजे कूपर लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी त्याच्या कामाचा निदान एक भाग तरी कागदावर येऊ लागला. टीममध्ये बॉब कूझी आणि एड मॅकॉली हे दोघंही त्याच वर्षी आलेले, आणि कोच रेड आऊरबाखही नवा. २२ विजयांवरून बोस्टन थेट ३९ वर पोचलं. याचं श्रेय इतिहासात कूझी, मॅकॉली आणि आऊरबाख या तिघांना जातं. चूक नाही. पण त्याच टीमच्या रिबाऊंडच्या यादीत कूपर अगदी वरच्या नावांत आहे.

आणि तेव्हाचा खेळ म्हणजे आजचा खेळ नव्हे. शॉट क्लॉक नव्हतं. पुढे असलेली टीम बॉल घेऊन नुसती उभी राहू शकायची. कूपरच्या पहिल्या मॅचनंतर तीन आठवड्यांनी फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं. हा एका क्वार्टरचा स्कोर नाही, पूर्ण मॅचचा आहे! अशा काळात ९.३ म्हणजे बरा आकडा.

दुसरा आणि तिसरा सीझन. पॉइंट हळूहळू उतरू लागले, पण मॅच क्वचितच चुकत होती. कोर्टवर तो बराच वेळ असायचा, तिसऱ्या सीझनमध्येही ४८ पैकी २८ मिनिटांच्या आसपास. मग पॉइंट का उतरले? कारण त्याला काम वेगळं नेमून दिलेलं होतं. समोरच्या टीमचा सगळ्यात धोकादायक फॉरवर्ड त्याने धरायचा. आपल्या शूटरला मोकळी जागा मिळावी म्हणून अंगाची भिंत करून स्क्रीन लावायची. बास्केटखाली कोपर खात रिबाऊंड काढायचा आणि बॉल कूझीकडे द्यायचा. त्यानंतर टाळ्या. त्या अर्थातच दुसऱ्याला.

लग्नाच्या पंगतीत वाढणारा जसा, तसं. पंगत उठेपर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नाही, आणि जेवण कसं झालं ते सांगताना त्याचं नाव कोणी काढत नाही.

तुम्ही बास्केटबॉल खेळत असाल तर एक तपशील तुमच्यासाठी. स्टील आणि ब्लॉक एनबीए अधिकृतपणे मोजू लागली १९७३-७४ पासून. कूपर निवृत्त झाल्यावर सतरा वर्षांनी. त्याच्या काळात डिफेन्सचा स्टॅट्सच्या पानावर रकानाच नव्हता. स्क्रीनचा तर सोडाच. म्हणजे ज्या कामासाठी त्याला ठेवलं होतं त्याची नोंद नाही, आणि जे काम करायला त्याला फारसं सांगितलंच नव्हतं त्याचे आकडे आपण दशांश चिन्हासकट वाचतोय.

हे सगळ्याच राखीव खेळाडूंच्या वाट्याला येतं, त्यात रंगाचा काय संबंध, असं तुम्हाला वाटू शकतं. रास्त प्रश्न आहे. कूपरने स्वतः नंतर सांगितलेलं असं की डिफेन्स आणि बास्केटखालची धसमुसळी ही त्याच्याकडून गृहीतच धरलेली होती. पण हेच काम करणाऱ्या गोऱ्या खेळाडूला मिळणारं जादा कौतुक आणि जादा पैसे त्याच्या वाट्याला आले नाहीत. पहिल्या काही वर्षांत एनबीएतल्या जवळपास सगळ्याच कृष्णवर्णीय खेळाडूंना हाच साचा मिळाला. लॉइडचं कामही डिफेन्सचंच. ग्लोबट्रॉटर्समध्ये बॉलची जादू करणाऱ्या क्लिफ्टनलासुद्धा न्यूयॉर्कमध्ये रिबाऊंड काढायला उभं केलं होतं. तिघांच्या तिघांना एकच काम जमत होतं, हा योगायोग जरा जास्तच होतो.

कोर्टाबाहेरचं काही स्टॅट्समध्ये येत नाही. टीम फिरतीवर असली की काही शहरांत कूपरला बाकीच्यांच्या हॉटेलात खोली नसायची, काही ठिकाणी रेस्टॉरंटात टेबल नसायचं. उत्तर कॅरोलायनात राले नावाच्या गावी सेल्टिक्स प्रदर्शनी सामना खेळायला गेले तेव्हा हॉटेलने कूपरला नकार दिला. टीमचा मुक्काम उद्या सकाळपर्यंत होता. बॉब कूझीने ठरवलं की आपण दोघं रात्रीच्याच ट्रेनने निघू. लीगमधला सगळ्यात चमकता गोरा खेळाडू, हॉटेलची गादी सोडून मित्राबरोबर रात्री स्टेशनवर. ट्रेनला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर स्वच्छतागृहांच्या दोन पाट्या: एक गोऱ्यांसाठी, एक काळ्यांसाठी. कूझी उत्तरेत वाढलेला, हे असं डोळ्यांसमोर कधी आलेलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मित्राशी काय बोलावं सुचेना. शेवटी दोघं प्लॅटफॉर्मच्या टोकाला अंधारात गेले आणि तिथेच शेजारी शेजारी उभं राहून मोकळे झाले. हा किस्सा कूझी म्हातारपणीही सांगायचा. हसू येण्यासारखा आहे, पण त्याच्या सांगण्यात लाजच जास्त असायची.

कूपर मवाळ होता असंही समजू नका. एकदा इलिनॉयमधल्या मोलीनला मॅच चालू असताना समोरच्या खेळाडूने त्याला रंगावरून शिवी दिली. कूपरने हात उचलला, दोन्ही बेंच कोर्टवर धावून आले आणि चांगलीच जुंपली. पण हा अपवाद. बहुतेक वेळा तो गिळत राहिला. आपण एकदा भडकलो तर पुढच्या दहा पोरांची दारं बंद होतील, हे ओझं त्याच्या पाठीवर होतं. आज खेळाडू रेफरीकडे नुसतं रोखून पाहिलं तरी त्याची क्लिप होते. त्या तुलनेत चार वर्षं असं राहणं काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

चौथा सीझन, १९५३-५४. मॅच ७०, म्हणजे जवळजवळ सगळ्याच. पण कोर्टवरचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला आणि पॉइंट तीनच्या थोडे वर. सीझन संपल्यावर बोस्टनने त्याला मिलवॉकी हॉक्सकडे देऊन टाकलं.

एक गंमत बघा, गंमत म्हणायचं तर. ज्या मोसमात कूपर बोस्टनमधून गेला, त्याच मोसमात फ्रँक रॅम्सी तिथे आला. आऊरबाखने त्याला मुद्दाम बेंचवर ठेवलं आणि समोरची टीम दमली की उतरवायला सुरुवात केली. सहावा खेळाडू ही मानाची जागा झाली ती रॅम्सीपासून. रॅम्सी होताच तसा भारी, त्याच्याबद्दल तक्रार नाही. फक्त एवढंच की बेंचला प्रतिष्ठा आली तेव्हा कूपर त्या बेंचवर नव्हता.

पाचवा सीझन, १९५४-५५, मिलवॉकी. आकडा पुन्हा आठच्या पुढे. हा बदल वाचताना सावध राहा. याच वर्षी २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं. बॉल धरून उभं राहणं बंद, खेळ पळू लागला. एका टीमची मॅचमागची सरासरी लीगभर ७९.५ वरून ९३.१ वर गेली. सगळ्यांचेच आकडे वाढले, तसे कूपरचेही. पण दुसरंही एक खरं आहे. हॉक्स तळाची टीम होती, ७२ पैकी २६ मॅच जिंकलेली. तिथे बॉब पेटिट नावाचा नवा पोरगा सोडला तर फार कोणी नव्हतं. म्हणजे कोर्टवर वेळ मिळाला, शॉट घ्यायला मोकळीक मिळाली, आणि संपला असं ज्याच्याबद्दल वाटलं असतं तो माणूस पुन्हा दुसऱ्या सीझनइतकेच पॉइंट करू लागला. हात तोच होता.

सहावा सीझन. हॉक्स मिलवॉकी सोडून सेंट लुईसला गेले. ते शहर तेव्हा वागणुकीत बरंचसं दक्षिणेतलंच होतं. निम्मा सीझन झाल्यावर कूपरची तिथून रवानगी झाली आणि त्याला घेतलं फोर्ट वेन पिस्टन्सने. हो, तेच फोर्ट वेन, जिथे तो पहिली मॅच खेळला होता. त्या टीमने प्लेऑफमध्ये सेंट लुईसलाच हरवलं, तेही पहिल्या दोन मॅच हरून पुढच्या तीन ओळीने जिंकत, आणि एनबीए फायनल गाठली. फायनलमध्ये फिलाडेल्फियाने त्यांना ४-१ ने हरवलं. कूपरची एनबीए तिथेच संपली. वय एकोणतीस.

त्याच १९५६ मध्ये बिल रसेल बोस्टनला आला. तोही डिफेन्स आणि रिबाऊंडचाच माणूस, पण आता त्याच कामाभोवती आख्खी टीम बांधली गेली. तेरा वर्षांत अकरा विजेतेपदं. २६ डिसेंबर १९६४ ला सेल्टिक्सने एनबीएच्या इतिहासात प्रथमच पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनी मॅच सुरू केली. मॅच होती सेंट लुईसमध्ये.

कूपर तोवर बास्केटबॉलपासून लांब गेला होता. एनबीएनंतर तो हार्लेम मॅजिशियन्स नावाच्या फिरत्या टीममधून एखादं वर्ष खेळला, पण गाडीच्या अपघातात पाठ दुखावली आणि खेळ सुटला. मग काय करायचं? हा प्रश्न तुमच्यापैकी कितीतरी जणांना येत्या दोन-तीन वर्षांत पडणार आहे, तो त्याला तिशीत पडला. त्याने पुन्हा कॉलेज गाठलं. मिनेसोटा विद्यापीठातून समाजकार्यात मास्टर्स केलं आणि पिट्सबर्गला परतला. नाव होतं, ओळखी होत्या, कोचिंग किंवा दुकान टाकून भागलं असतं. तो वस्त्यांमध्ये काम करत राहिला. १९७० मध्ये शहराच्या उद्याने आणि क्रीडा विभागाचा प्रमुख झाला. पिट्सबर्ग महापालिकेत एखाद्या खात्याचा प्रमुख होणारा पहिला कृष्णवर्णीय. नंतर एका बँकेत गेला. तिथे त्याचं काम होतं कृष्णवर्णीयांना नोकऱ्या आणि त्यांच्या वस्त्यांना कर्ज मिळवून देण्याचं. ज्या वस्तीत बँका कर्ज देत नाहीत तिथे ते मिळवून देणं म्हणजे पुन्हा स्क्रीन लावण्याचंच काम. शॉट दुसरा कोणीतरी मारणार.

५ फेब्रुवारी १९८४ रोजी यकृताच्या कॅन्सरने तो गेला. वय ५७.

बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये लॉइड २००३ मध्ये गेला, क्लिफ्टन २०१४ मध्ये. ड्राफ्टच्या खोलीत ज्याचं नाव सगळ्यात आधी पुकारलं गेलं, त्या कूपरचं नाव तिघांत सगळ्यात शेवटी आलं, २०१९ मध्ये. दोन वर्षांनी ड्यूकेन विद्यापीठाने आपलं नवं केलेलं स्टेडियम त्याच्या नावाने उघडलं. तिथे आता बाहेरून येणारी प्रत्येक टीम कूपर फील्डहाऊस अशी पाटी असलेल्या दारातून आत जाते.